शेवटच्या नळाचं पाणी

ऑगस्ट २०१९. पुराच्या पाण्याखाली गेलेला पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवसांनी मोकळा झाला आणि पुण्याहून मदतीचे टेम्पो कोल्हापूरकडे सुटले. त्यातल्या एका टेम्पोत ती ड्रायव्हरशेजारी बसली होती. वय तेवीस, सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी, एका बांधकाम सल्लागाराकडे वर्षभराची नोकरी. मागच्या हौद्यात सोसायट्यांमधून गोळा केलेले कपडे गळ्यापर्यंत भरलेले. जायचं होतं शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावी, तिच्या आजोळी.

शाळेच्या व्हरांड्यात टेम्पो लागला तेव्हा तिथे कपड्यांचा ढीग आधीच छातीएवढा होता. खालचे थर भिजून कुबट झालेले, वरून लग्नातले घागरे लोंबत होते. चिखलात राबणाऱ्या बाईने ते घालावेत कधी? ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक गुडघाभर चिखलातून वर आले. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. त्यांनी टेम्पोत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाळ, कापडं रग्गड झाली. टीसीएल आणलाय का?"

तिला टीसीएल म्हणजे काय ते कळलं नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकली होती, पाणीशुद्धीकरणाचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटला होता. पुस्तकात जिला क्लोरिनेटेड लाइम म्हणतात आणि शहरात ब्लीचिंग पावडर, तिलाच महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पो रिकामा करून ती त्याच टेम्पोने जयसिंगपूरला गेली आणि मिळतील तेवढ्या गोण्या घेऊन आली. आज मागे वळून बघताना तिला वाटतं, आपल्या कामाची सुरुवात त्या दुसऱ्या खेपेपासून झाली. पहिली खेप धरायची नाही.

पाच दिवसांची रजा होती. ती तेवीस दिवस राहिली, वरचे दिवस बिनपगारी.

पूर ओसरला की खरं काम सुरू होतं आणि तेव्हाच कॅमेरे परततात. जॅकवेल बुडालेली, मोटारी पाण्यात, पाइपलाइनमध्ये गाळ, वीज नाही. टँकर येईल तेवढंच पाणी. गावातल्या विहिरी उपसायच्या, गाळ काढायचा, कठडा घासायचा, मग पाणी भरू द्यायचं आणि त्यात टीसीएल टाकायची. चांगल्या टीसीएलमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि हजार लिटरला पाच ग्रॅम हा ग्रामपंचायतींचा ठरलेला हिशेब. पण गोणी उघडी राहिली, ओल लागली की पावडर मरते. दिसायला पांढरीशुभ्र, आत दम नाही. अण्णा ओंजळभर पावडर नाकाशी धरून गोणी घ्यायची की परत पाठवायची ते सांगत. ती व्यास आणि खोली मोजून मोबाइलवर विहिरीचं घनफळ काढायची. अण्णा दोराला गाठी मारून तोच आकडा सांगायचे आणि दोघांची उत्तरं जवळपास जुळायची.

पावडर बादलीत कालवायची, निवळू द्यायची, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि अर्धा तास थांबायचं. मग ओ.टी. टेस्ट, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायची. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का ते बघायचं. नळाला पुन्हा पाणी सुटलं त्या पहिल्याच दिवशी तिने टाकीखालच्या नळाचं पाणी घेतलं, झकास पिवळं झालं, तिने वहीत लिहिलं. अण्णांनी वही बाजूला ठेवायला लावली. "हितं येणारच की. शेवटच्या नळाला चल." शेवटचा नळ गावाच्या खालच्या अंगाला, दोन फर्लांग चिखलातून. तिथे नळीतलं पाणी पाण्याच्याच रंगाचं राहिलं. वाटेतल्या गाळाने क्लोरीन खाऊन टाकला होता.

तिची मोठी चूक त्यानंतरची. शेवटच्या नळाला क्लोरीन पोचत नाही म्हटल्यावर तिने मात्रा दुप्पट केली. जास्त म्हणजे जास्त सुरक्षित, एवढंच तिच्या डोक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायका दिसेनात. तिसऱ्या दिवशी कळलं की पाण्याला औषधाचा वास येतो, चहा तोंडात धरवत नाही, म्हणून सगळ्या जणी मळ्यातल्या उघड्या विहिरीवरून घागरी आणत होत्या. त्या विहिरीत पुराचं पाणी तसंच होतं. आकडा बरोबर आणि गाव धोक्यात, असे तीन दिवस गेले. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ येऊन माणसं दगावली होती. ती आठवण भागात ताजी असतानाही वासापुढे भीती हरली. शेवटी मात्रा उतरवून पाइपलाइन धुऊन काढली, आणि आजीला बरोबर घेऊन ती घरोघर सांगत फिरली की फिकट पिवळा रंग हवा, गडद नको. यातलं फिरणं जास्त उपयोगी पडलं.

हे सविस्तर सांगण्याचं कारण आहे. परदेशात मदतकार्यात नोकरी करायची इच्छा असलेली मुलंमुली आज मोठ्या संख्येने भेटतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, अर्ज कुठे करायचा. तीही तशीच होती. पुराच्या आधीच्या वर्षी, शेवटच्या सेमिस्टरनंतर, तिने घरून पैसे घेऊन दोन आठवड्यांचं एक पॅकेज घेतलं होतं. शेजारच्या देशातल्या एका अनाथाश्रमात 'स्वयंसेवा'. भिंत रंगवली, मुलांना इंग्रजी गाणी शिकवली, निघताना मुलं कमरेला मिठी मारून रडली. पुढच्या सोमवारी नवी तुकडी येणार होती. मुलं तिलाही तशीच मिठी मारणार आणि तशीच रडणार, हे तिला विमानात बसल्यावर लख्ख कळलं आणि ते अजून तिला सोडत नाही.

नंतर तिने वाचलं. कंबोडियातल्या अनाथालयांची पाहणी झाली तेव्हा तिथल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं दिसलं होतं. पर्यटक आणि देणगी वाढली तशी अनाथालयंही वाढली. गरीब घरांतून मुलं आणून ती भरली गेली. नेपाळचं चित्र वेगळं नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीवर तिथल्या संसदेत उघड बोललं गेलं. चांगल्या मनाने गेलेल्या तरुणांच्या पैशावर हे चालत होतं. मन चांगलं असणं इथे पुरत नाही, हे कडू आहे पण खरं आहे.

स्वयंसेवेतून आंतरराष्ट्रीय कामाकडे जाणारी वाट आपल्याकडे नवी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीत होते, तेव्हा १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले. पाच डॉक्टरांचं पथक होतं. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे पुढेमागे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. सोलापुरातलं त्यांचं घर आज स्मारक आहे. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला म्हणून ते घराघरांत पोचले. पण सिनेमात जे दाखवणं अवघड, ते म्हणजे रोज संध्याकाळी परकी भाषा घोकणं. कोटणीस तिथल्यांना आपले वाटले त्यात या घोकंपट्टीचा वाटा मोठा असणार.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. पुनर्वसनाच्या सरकारी कार्यक्रमात घरदुरुस्तीसाठी गावोगाव बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. सिमेंट, सळई, अनुदानाचे हप्ते, मजबुतीकरण हे सगळं घराघरांत समजावून सांगायचं काम त्यांचं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हे जाळं बांधलं. मग २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या. ज्यांनी स्वतःचं घर पडताना पाहिलं होतं आणि पुन्हा उभं केलं होतं, त्या तंबूत बसून दुसऱ्या बायकांना सांगत होत्या की हप्ता कसा मागायचा, पाया कसा तपासायचा. २००४ च्या त्सुनामीनंतर हेच अनुभवाचं पाथेय तमिळनाडूकडे गेलं. आपत्तीच्या अभ्यासक्रमांत आज ज्याला समुदायाकडून समुदायाकडे शिकणं म्हणतात, ते मराठवाड्यातल्या नऊवारीतल्या बायकांनी करून दाखवलं होतं. त्यांच्यापैकी कुणी सीव्ही लिहिला नसेल.

तिने मात्र लिहिला. आधी वाईट लिहिला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी अण्णांचा फोन आधी आला आणि टीसीएलच्या गोण्या पाणी चढायच्या आत माळ्यावर चढल्या. मधल्या दोन वर्षांत महिन्यातून एक रविवार ती गावी जायची: टाकी धुण्याचं वेळापत्रक, ओ.टी.ची नोंदवही, शेवटच्या नळाची फेरी. बिनपैशाचं आणि फोटोत न येणारं काम. घरी भाऊ म्हणायचा, फुकटात किती वर्षं राबणार? त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. स्वयंसेवा परवडणं ही मुळात एक सोय आहे आणि ती सगळ्यांना नसते. २०१५ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक बिनपगारी इंटर्न तळ्याकाठी तंबूत राहतो, ही बातमी जगभर गेली तेव्हा हाच प्रश्न पुढे आला: ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनीच गरिबांच्या मदतीच्या क्षेत्रात शिरायचं का? तिच्याकडे पुण्यात राहायला मावशी होती, रविवारी एसटीचं भाडं निघेल एवढा पगार होता. इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्या तिच्या वयाच्या मुलाला हे जमलं नसतं, आणि त्याला क्लोरीनची समज कदाचित तिच्यापेक्षा लवकर आली असती.

या क्षेत्राचं एक कोडं सगळ्यांना छळतं. नोकरीला दोन-तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही. ते सोडवायचे काही रस्ते आहेत आणि त्यांतले काही पुण्यातून निघतात. १९७९ साली मलेशियात व्हिएतनामी निर्वासितांच्या छावणीत काम करून आलेल्या पीटर गथ्री या ब्रिटिश इंजिनिअरने पुढच्याच वर्षी रेडआर ही संस्था काढली. संकटात कामाला येतील अशा इंजिनिअरांची यादी तयार ठेवायची, अशी साधी कल्पना. तिची भारतातली शाखा पुण्यात आहे. तिथल्या प्रशिक्षणात तिला पहिल्यांदा मदतकार्यासाठीची स्फिअरची मानकं नीट समजली: माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त अडीचशे माणसं, घरापासून पाण्यापर्यंत पाचशे मीटरच्या आत, वीस माणसांमागे एक शौचकूप, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. पहिल्या दिवशी हे आकडे तिने पाठ केले. दुसऱ्या दिवशी तिने आजोळच्या गावातला २०१९ चा शाळेतला कॅम्प आठवून हिशेब मांडला आणि छप्पर सोडल्यास एकही आकडा जुळला नाही.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, यूएनव्ही, हा दुसरा रस्ता. आमसभेने तो १९७० साली स्थापला, मुख्यालय जर्मनीत बॉनला. नावात स्वयंसेवक असलं तरी राहण्या-खाण्यापुरता निर्वाहभत्ता मिळतो, त्यामुळे घरून पैसे आणावे लागत नाहीत. आणि घराजवळचे रस्ते तर आहेतच. मैत्री ही पुण्याची संस्था १९९७ पासून मेळघाटात आहे. पावसाळ्यात बालमृत्यू वाढतात म्हणून तिची धडक मोहीम चालते आणि शहरांतले स्वयंसेवक तुकड्यांनी तिथे जातात. ज्याला कोरकू येत नाही त्याने पाड्यावर बाळाचं वजन कसं करायचं, आईला दवाखान्यात यायला कसं राजी करायचं, हे तिथे शिकायला मिळतं. भाषा येत नसलेल्या ठिकाणी विश्वास कमवायची एवढी चांगली शाळा परदेशात शोधायला जायची गरज नाही.

परदेशातल्या मदतकार्याच्या नोकरीसाठी तिची मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. समोर तीन माणसं, तीन देशांत बसलेली. स्फिअरचे आकडे त्यांनी विचारले, तिने सांगितले. कुणी विशेष मान डोलावली नाही. अनाथाश्रमाच्या दोन आठवड्यांचा उल्लेख तिने सीव्हीतून काढून टाकला होता. मग पलीकडून एका बाईंनी विचारलं, "तुम्ही लिहिलंय की गावाला सुरक्षित पाणी मिळालं. कशावरून?" ती वीसेक मिनिटं बोलली असेल. शेवटचा नळ, रंग न बदललेली काचनळी, दुप्पट मात्रा, रिकामा पाणवठा, मळ्यातली विहीर, आजीबरोबरची फेरी. चुकलेले तीन दिवस तिने झाकले नाहीत. त्या बाई लिहीत होत्या. दोन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं: दक्षिण सुदान, बेन्टिऊ.

बेन्टिऊ ही युनिटी राज्याची राजधानी. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली तेव्हा हजारो लोक जीव मुठीत धरून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळात शिरले आणि तिथेच छावणी वसली. पुढे तिची वस्ती लाखापार गेली. २०२१ मध्ये नाईलच्या खोऱ्यात असा पूर आला की पाणी परत गेलंच नाही. चहूबाजूंनी पाणी, मध्ये मातीचे बांध, बांधाच्या आत माणसं. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या जमिनीपेक्षा उंच, म्हणून पंप आणि पोकलेन सतत चालू. कृष्णाकाठची मुलगी पुराला घाबरत नाही. पण आठ-दहा दिवसांनी पूर ओसरतो, हे तिने जन्मभर गृहीत धरलं होतं. इथे लोक वर्षं मोजत होते.

इथेही कावीळच होती, इचलकरंजीचीच हेपॅटायटिस ई. गर्भवतींसाठी ती फार घातक. शेवटच्या तिमाहीत लागण झाली तर पाचात एक बाई दगावू शकते. ती पोचण्याआधी, मार्च २०२२ मध्ये, बेन्टिऊत या रोगावरची लस देण्यात आली होती. साथ रोखण्यासाठी ही लस वापरण्याची ती जगातली पहिलीच वेळ. पण लस म्हणजे पाणी नव्हे, संडास नव्हे.

गोणी इथे वेगळी होती. टीसीएल नाही, एचटीएच. त्यात क्लोरीन सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुपटीहून जास्त. पिवळ्या रंगाऐवजी डीपीडीची गोळी आणि गुलाबी रंग. टॅपस्टँडवर गुलाबी छान यायचा, नोंदी चोख होत्या. तिने विचारलं, शेवटचा नळ कुठे? सगळ्यांनी लांबचा टॅपस्टँड दाखवला. पण इथे पाइप टॅपस्टँडपाशी संपत होता आणि पाणी पुढे जेरीकॅनमधून चालत जात होतं. शेवटचा नळ म्हणजे झोपडीतला, उन्हात तापलेला, आतून शेवाळलेला पिवळा जेरीकॅन. तिथे दुपारी डीपीडीची गोळी टाकली की पाणी बहुतेक वेळा बिनरंगाचंच राहायचं.

हे तिला एकटीने कळलं नसतं. तिच्याबरोबर न्युएर बोलणारी एक आरोग्यसेविका होती, लहानपणी आईचं बोट धरून याच छावणीत आलेली. दिवसाच्या थोड्या मानधनावर स्वयंसेविका म्हणून लागली आणि आता अठरा जणींची प्रमुख होती. कुठल्या घरी कॅन किती जुना, कोण पाणी दोन दिवस पुरवतं, कुणाच्या घरात पोटुशी बाई आहे, हे तिला वहीशिवाय माहीत. दोघींनी मिळून वाळू आणि खडे घालून कॅन खळखळून धुण्याची मोहीम काढली, झोपड्यांतल्या मोजमापावरून टॅपस्टँडची मात्रा ठरवली आणि वास कुठे असह्य होतो ते आधी चार म्हाताऱ्यांना पाजून पाहिलं. मदतकार्यातले बहुतेक लोक असे त्याच मातीतले असतात. परदेशी म्हणून मिळणारा पगार आणि त्या सेविकेचा पगार यांतलं अंतर तिला रोज बोचत राहिलं. ते बोचायलाच हवं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि १ जुलैला यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेचा कारभार थांबला. जगभर मदतसंस्थांनी प्रकल्प गुंडाळले, माणसं कमी केली. तिचा करारही वाढला नाही. आज या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या कुणालाही हे स्पष्ट सांगायला हवं की दारं अरुंद झाली आहेत आणि वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसंही अर्ज करत फिरताहेत. छावणीतली माणसं मात्र कमी झालेली नाहीत. आरोग्यसेविका अजून फोनवर आकडे पाठवते. मानधन थांबलं तरी फेरी थांबवलेली नाही.

त्या पावसाळ्यात ती आजोळी होती. अण्णा निवृत्त झालेत, त्यांच्या जागी आलेला पोरगा बारावी झालेला, मोबाइलवर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणारा. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका. गोणीवरची तारीख मागच्या वर्षीची निघाली. तिने ओंजळभर पावडर नाकाशी धरली, त्यालाही धरायला लावली, आणि दोघांनी ती गोणी बाजूला काढली. मग छत्री घेऊन दोघं गावाच्या खालच्या अंगाला गेले. शेवटच्या घरातल्या सूनबाईंनी नळ सोडला, पाणी दोन मिनिटं वाहू दिलं. पोराने नळी भरली, थेंब टाकले, आभाळाच्या उजेडाकडे धरली आणि वहीत लिहिलं: तारीख, घर क्रमांक, रंग नाही.

"परत टाकीवर जायचं का ताई?" त्याने विचारलं. ती आधीच निघाली होती.